बाबांची ती रात्र

काल रात्री दोन वाजता बाबा बाथरूममधून भिंत धरत बाहेर आले. "लघवीचा थेंबही उतरत नाही रे," म्हणाले. संध्याकाळपासून असंच होतं आणि लाजेपायी ते गप्प बसले होते. ओटीपोट दगडासारखं टणक, कपाळावर घाम. आई म्हणाली, "भरपूर पाणी पाज." मी थांबवलं, कारण वाट बंद असताना आणखी पाणी म्हणजे आणखी कळा.

नागपुरातल्या नंदनवनहून धंतोलीच्या दवाखान्यात पोचलो. रस्ते रिकामे होते, तरी प्रत्येक गतिरोधकाला बाबा कण्हत होते.

इमर्जन्सीत डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि लगेच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला. पिशवीत साधारण ९०० मिली लघवी जमली. एरवी ४०० ते ५०० मिली झालं की माणसाला राहवत नाही! दोन-तीन मिनिटांत बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट त्यांनी कधी धरला नव्हता.

कारण काय, तर प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, आधीच वाढलेली, त्यात दोन दिवस सर्दीच्या गोळ्या. अशा काही गोळ्यांनी मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं, काहींनी मूत्राशयाचं तोंड आवळतं. दुकानातून गोळ्या मीच आणल्या होत्या, ते मनातून जात नाही.

आता टॅमसुलोसिन हे लघवीची वाट सैल करणारं औषध सुरू आहे, काही दिवसांनी नळी काढून बघतील. तुमच्या घरी कुणाची लघवी अशी अचानक अडली, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. जास्त वेळ गेला तर किडनीवर ताण येतो.

बाबा आत्ता झोपलेत.