पराणी, पेंड आणि उणे दहा गुण

सांगलीतल्या विश्रामबागेतील आमच्या घरात गेले दोन महिने दोन चाकांची एक छोटी गाडी स्वतःहून चालायला शिकते आहे. पुढे अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि वर रबर बँडने बांधलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक, एवढाच तिचा संसार. भिंतीला धडकली की उणे दहा गुण, स्वयंपाकघराच्या दारापाशी पोहोचली की शंभर गुण. यातून काय तो बोध तिने घ्यावा, असा बेत होता.

पहिल्या आठवड्यात तिने घेतलेला बोध असा, की जागचे हलायचेच नाही. चाचपडत फिरताना दार एकदाही सापडले नव्हते, भिंती मात्र चहूबाजूंनी होत्या; उभे राहिल्यास शून्य आणि हलल्यास बहुधा उणे, हा तिचा हिशेब बिनचूक होता. मग मी हलण्यालाही एक गुण ठेवला, तर ती सोफ्याजवळच्या एकाच फरशीवर तासभर गरगर फिरत बसली. १९९८ साली रँडलोव्ह आणि आल्स्ट्रोम या संशोधकांची संगणकातली सायकलही अशीच घिरट्या घालायला शिकली होती, कारण मुक्कामाकडे वळण्याला बक्षीस होते आणि त्यापासून दूर जाण्याला शिक्षा नव्हती. दाराच्या जितके जवळ तितके अधिक आणि मागे सरल्यास तितकेच उणे, असा नियम केल्यावर घिरटीची बेरीज शून्य होते; माझ्या गाडीचे गरगरणे त्यानेच थांबले.

बक्षीस आणि शिक्षेतून यंत्राला शिकवण्याची ही कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ॲलन ट्युरिंग यांनी १९४८ च्या अहवालात अशा यंत्राची मांडणी केली होती, की ते आधी अंदाजाने काही करून पाहील, ‘वेदने’चा संकेत आल्यास तात्पुरत्या नोंदी पुसून टाकील आणि ‘सुखा’चा आल्यास त्या कायम करील.

मला मात्र तासगाव तालुक्यातले आजोबा आठवतात. नवा गोऱ्हा ते जुन्या बैलाच्या जोडीला जुंपत, त्याने नांगराचे तास सोडल्याच्या त्याच क्षणी पराणी लावत आणि बांधाशी आल्यावर ओंजळभर पेंड देत. “उशिरा टोचलं तर त्याला कळत नाही, नुसतं दुखतं,” असे ते म्हणत. माझी अडचण नेमकी हीच आहे: धडक बसते ती शेवटच्या पावलाला, पण चूक झालेली असते दहा-बारा पावले आधीच्या वळणावर, आणि उणे गुणांचा वाटा तिथवर मागे पोहोचवण्यातच बहुतेक गणित खर्ची पडते.

गोऱ्ह्याच्या पुठ्ठ्यावर पराणीचे वण असत. माझ्या उणे दहाला वेदना म्हणताना म्हणूनच जीभ अडखळते. तो आकडा मी आता दोनवर आणला आहे. गाडी सोफ्याच्या पायाला हलकेच घासते, थोडी मागे येते आणि पुन्हा दाराकडे निघते.