कलम ३७ खाली हरकत : एका गृहप्रकल्पाच्या अटी ठरताना

जानेवारी २०२१ च्या अखेरीस एका स्थानिक दैनिकाच्या पाचव्या पानावर, निविदा सूचना आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींच्या मधोमध, आमच्या नगरपरिषदेची एक जाहीर सूचना छापून आली होती. मंजूर विकास योजनेत शेती विभागात दाखवलेली ४ हेक्टर ८० आर जमीन रहिवास विभागात घेण्याचा फेरबदल प्रस्तावित असून त्यावर कोणाची हरकत वा सूचना असल्यास ती एका महिन्याच्या आत लेखी द्यावी, एवढाच तिचा मजकूर होता. गट क्रमांक वाचून कोणाच्या काही लक्षात आले नसते. परंतु ती जमीन आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असल्यामुळे आणि गेले वर्षभर तिथे मोठा गृहप्रकल्प येणार अशी बोलवा असल्यामुळे आमच्या ते लक्षात आले. पश्चिम महाराष्ट्रातील नदीकाठचे आमचे शहर लहान आहे आणि माणसे अजून तिथेच राहतात; म्हणून शहराचे, विकासकाचे आणि कोणाही व्यक्तीचे नाव मी या लेखात घेतलेले नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास योजनेत, तिचे मूळ स्वरूप न बदलता, फेरबदल करता येतो. त्यासाठी राजपत्रात आणि अन्य प्रकारे सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींची सुनावणी घ्यावी लागते आणि मग प्रस्ताव राज्य शासनाकडे मंजुरीसाठी जातो. मला तोवर असे वाटत होते की एवढा मोठा प्रकल्प म्हटल्यावर पुढे पर्यावरणाची जनसुनावणी होईलच आणि तेव्हा बोलता येईल. तसे नसते. २०,००० चौरस मीटरपेक्षा अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते हे खरे, पण २००६ च्या अधिसूचनेने इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. म्हणजे शेजारी राहणाऱ्या माणसाला अधिकृतपणे काही म्हणण्याची जी एकच जागा उरते, ती पाचव्या पानावरची ही सूचना.

सोसायटीची सभा झाली आणि त्याच रात्री मी पत्राचा मसुदा तयार केला. हिरवा पट्टा नष्ट होईल, वाहतूक वाढेल, शहराचा चेहरामोहरा बदलेल, म्हणून आमचा तीव्र विरोध आहे, असे त्यात तीन पाने भरून होते. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे पहिल्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी ते पत्र शांतपणे वाचले आणि परत देत म्हणाले, "यात मोजता येईल असं काही नाही. ‘हरकत विचारात घेतली, तथापि मान्य करता येत नाही’ एवढं लिहिलं की संपलं." मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. जमीन कोणाची तरी खासगी आहे, शहर त्या बाजूला वाढते आहे, आणि मालकाने अर्ज केला आहे. अशा वेळी नुसता विरोध फाइलला लावून ठेवण्यापलीकडे कोणी काही करत नाही. विभाग बदलणारच असेल तर तो कोणत्या अटींवर बदलावा हे आपण सांगायचे, असे ठरले.

मग कागद गोळा करणे सुरू झाले. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचना विभागातून रीतसर शुल्क भरून मिळाला. मूळ अर्ज, त्याला जोडलेला प्राथमिक आराखडा आणि नगररचनाकारांची टिपणी यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणि पानाला दोन रुपये इतक्या खर्चात ३४ पानांचा गठ्ठा अठ्ठाविसाव्या दिवशी हाती आला. हरकतीची मुदत तेव्हा तीन दिवसांवर आली होती. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी सूचना पाहिल्याच्या दिवशीच तो अर्ज टाकावा. आमचे दोन दिवस कोणाच्या नावाने अर्ज करायचा या चर्चेत गेले होते. त्या गठ्ठ्यातला आराखडा बघून पहिल्यांदा नेमके कळले की प्रश्न ४२० सदनिकांचा आहे.

मधल्या काळात काकांनी मला कामाला लावले होते. प्रकल्पाकडे जाणारा रस्ता विकास योजनेत १२ मीटर दाखवलेला आहे. एका सकाळी सहा वाजता, दुधाच्या गाड्या सुरू होण्याआधी, आम्ही तीस मीटरचा टेप घेऊन तो सहा ठिकाणी मोजला. सर्वांत रुंद जागी ७.८ मीटर आणि ओढ्यावरच्या मोरीपाशी ५.९ मीटर भरला. रस्त्याच्या रुंदीला किती महत्त्व आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जिला आता सगळेच युडीसीपीआर म्हणतात, बांधकामाचे क्षेत्र रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर १.१ एवढा मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या १.१ पट बांधकाम, मिळतो; त्यावर पैसे भरून (प्रीमियम) किंवा दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क विकत घेऊन (टीडीआर) जादा एफएसआय मिळत नाही. रस्ता रुंद होत जाईल तसा तो वाढतो. आराखड्यातील हिशेब १२ मीटर गृहीत धरून केलेला होता आणि त्या १२ पैकी चार-पाच मीटर अजून लोकांच्या परसात, गोठ्यात आणि एका पिठाच्या गिरणीत होते.

पाण्याचा हिशेब त्यामानाने सोपा होता. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे मानक सर्वत्र वापरतात. एका सदनिकेत पाच माणसे धरली तर ४२० सदनिकांना रोज २ लाख ८३ हजार ५०० लिटर पाणी लागेल, आणि आमच्या भागात पाणी दिवसाआड येते. टिपणीत यावर ‘पाणीपुरवठा उपलब्ध आहे’ असे एकच वाक्य होते.

खरा प्रश्न भरावाचा होता. ती जमीन नदीच्या बाजूला उतरती आहे आणि जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर तिचा खालचा सुमारे १ हेक्टर ६० आर भाग निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा त्यांचा अर्थ आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. दोन रेषांच्या मध्ये जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवून बांधकाम करता येते. विकासकाने आराखड्यात तसे जोते दाखवलेही होते, त्यामुळे नियमाकडे बोट दाखवायला आम्हाला जागा नव्हती. परंतु जोते किती उंच असावे हे ज्या कलमात लिहिले आहे, त्यात ते कशावर उंच करावे याबद्दल काही नव्हते, आणि आराखड्यातील छेदचित्रात, म्हणजे जमिनीचा उभा काप दाखवणाऱ्या चित्रात, संपूर्ण खालच्या भागावर सरासरी दीड मीटर मुरमाचा भराव दाखवला होता. काकांनी कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला : १६,००० चौरस मीटर गुणिले दीड, म्हणजे २४,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी ४० लाख लिटर. पुराच्या दिवशी एवढे पाणी आज त्या शेतात उभे राहते. ते उद्या तिथे राहणार नसेल तर ओढ्यातून मागे सरून कुठे येईल, हे सांगायला आमच्या पंपरूमच्या भिंतीकडे बघणे पुरेसे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते; त्याच आठवड्यात आमच्याकडे आलेल्या पाण्याची रेघ सोसायटीच्या वॉचमनने निळ्या ऑइलपेंटने त्या भिंतीवर ओढून ठेवली होती.

अखेरीस हरकतीचे पत्र दोन पानांचे झाले आणि त्यात सात मागण्या राहिल्या. मुख्य तीन अशा : खालच्या भागात भराव न करता इमारती खांबांवर उभ्या कराव्यात आणि तळमजला वाहनतळासाठी मोकळा ठेवावा, रस्ता प्रत्यक्ष १२ मीटर रुंद होऊन मोरी नव्याने बांधली गेल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देऊ नये, आणि पाण्याची साठवण टाकी विकासकाने स्वखर्चाने बांधून द्यावी. आवक खिडकीवरच्या लिपिकाने विचारले, "तुमची जमीन आहे का त्यात?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुमची कसली हरकत?" सूचनेचे कात्रण दाखवून ‘कोणाचीही’ या शब्दावर बोट ठेवल्यावर त्याने शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, असे काकांनी तीनदा बजावले होते.

त्यानंतर कोविडची दुसरी लाट आली आणि सगळेच थांबले. २२ जुलैपासून धो धो पाऊस लागला, चिपळूण-महाड बुडाल्याच्या बातम्या येत असतानाच आमच्या नदीलाही पाणी चढले, आणि दोन दिवसांनी ते पंपरूमच्या भिंतीवरील निळ्या रेघेच्या चार बोटे खाली येऊन थांबले. मी त्याचे तारीख-वेळेसह फोटो काढले. दोन वर्षांत दोनदा आलेल्या पुराला शंभर वर्षांचा पूर म्हणणाऱ्या हिशेबाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा शहरात सगळेच एकमेकांना विचारत होते.

सुनावणी सप्टेंबरमध्ये झाली. एकूण ६१ हरकती होत्या, त्यांपैकी ५२ एकाच छापील नमुन्यावर केवळ नावे बदलून दिलेल्या असल्यामुळे त्या एकत्रितपणे दहा मिनिटांत निकालात निघाल्या. आमचा क्रमांक आला तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहत "थोडक्यात सांगा" म्हटले. मी पत्र वाचलेच नाही. छेदचित्राची प्रत, पूररेषेचा नकाशा आणि पंपरूमच्या भिंतीचा फोटो एकाशेजारी एक ठेवला आणि काकांनी पातळ्यांचे आकडे सांगितले. विकासकाच्या वास्तुविशारदांनी खांबांमुळे खर्च वाढतो असे सांगितले, पण खांबांवर बांधकाम होऊ शकत नाही असे ते म्हणाले नाहीत, आणि हा फरक नगररचनाकारांनी टिपून घेतला.

त्या दिवशी दालनात मला अस्वस्थ करणारी एकच गोष्ट घडली. जमिनीचे मूळ मालक असलेले दोघे भाऊ मागच्या खुर्चीवर बसले होते. थोरल्याने हात जोडून सांगितले, "साहेब, अर्धं रान क्षारपड झालंय. ऊस जळतो, सोयाबीन उगवत नाही. यांच्या ग्यालरीतून हिरवं दिसतं ते गवत आहे." आमच्या गॅलरीतून दिसते ते गवत आहे हे मला सतरा वर्षांत कळले नव्हते. माझ्या पहिल्या तीन पानी मसुद्यात ‘सुपीक शेतजमीन’ हा शब्द चार वेळा आला होता.

सर्वसाधारण सभा नोव्हेंबरमध्ये दूरदृश्य प्रणालीवर झाली. सभागृहात प्रेक्षक म्हणून बसण्याऐवजी आम्ही आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांच्या घरी, त्यांच्या लॅपटॉपमागे बसून ती पाहिली. विषय क्रमांक १४ येईपर्यंत अर्ध्या सदस्यांचे कॅमेरे बंद होते. अध्यक्षांनी विषय वाचताच "मंजूर, मंजूर" असे आवाज आले. तेवढ्यात आमच्या नगरसेविकांनी आमच्या अटी ठरावात घालण्याची उपसूचना वाचायला घेतली. नगररचनाकारांच्या अहवालात सातपैकी चार अटींची शिफारस झालेली असल्यामुळे तिला फारसा विरोध झाला नाही आणि उपसूचनेसह ठराव मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.

आणि तरीही तीन आठवड्यांनी ठरावाची प्रमाणित प्रत काढली तेव्हा तीत ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिलेले होते. उपसूचना गायब होती. ही चूक कोणाची, मुद्दाम झाली की टंकलेखनात, हे शोधण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. सभेचे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते. त्यातील वेळ आणि वाक्य नमूद करून पत्र दिले आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याच्या विषयावर दुरुस्ती करून घेतली. नगरपरिषदेची मुदत डिसेंबरअखेर संपत होती आणि त्यानंतर प्रशासक येणार होता, तेव्हा ती सभा हुकली असती तर शासनाकडे अटीविना ठराव गेला असता.

शासनाची मंजुरी यायला पुढे दीड वर्ष लागले. २०२३ च्या अधिसूचनेसोबतच्या परिशिष्टात आमच्या चारपैकी तीन अटी होत्या. पाण्याच्या टाकीची अट गेली आणि तिच्या जागी पायाभूत सुविधा अर्जदाराने स्वखर्चाने उपलब्ध करून द्याव्यात असे मोघम वाक्य आले. रस्त्याची अट राहिली, भरावाची अट जवळपास आमच्याच शब्दांत राहिली, आणि मोरीचीही राहिली.

गेल्या पावसाळ्याआधी खालच्या भागातले खांब उभे राहिले. काका आणि मी परवानगी घेऊन आत गेलो, काकांनी साइट इंजिनिअरकडून लेव्हलचे यंत्र मागून घेतले, पंपरूमच्या भिंतीवरील रेघेची पातळी ओढ्याच्या कडेने उचलून आणली आणि पहिल्या खांबावर खडूने खूण केली. स्लॅबचा तळ तिच्या दोन फूट वर होता. इंजिनिअरने ती खूण बघून विचारले, "पाणी खरंच इथपर्यंत येतं?" मग त्याने एका पोऱ्याला हाक मारून लाल रंगाचा डबा आणायला सांगितला. मोरी मात्र अजून जुनीच आहे, आणि भोगवट्याचा अर्ज कधी येतो त्यावर आम्ही लक्ष ठेवून आहोत.