लोणंद ते बरड

दारू सुटली तरी संध्याकाळ सुटत नाही. साताऱ्यातल्या आमच्या ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस गटाच्या मीटिंगमध्ये हे कुणी ना कुणी बोलतंच. म्हणून वारीला निघताना मला चालण्याची धास्ती नव्हती, मुक्कामाची होती.

आधी डॉक्टरांना विचारलं. माळ घातली की सगळं आपोआप होतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून त्यांच्या भरवशावर राहू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. माझे ते दिवस दवाखान्यात गेले. वारी त्याच्या बऱ्याच नंतरची.

नीरास्नान करून माऊलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदला मी दिंडीत सामील झालो आणि दिंडीप्रमुखांना सगळं सांगून टाकलं. "बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले. "माझ्या नजरेसमोर चाला." बस, एवढंच.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेला, टापांखालची माती कपाळाला लावली, ऊर भरून आला. आणि त्याच संध्याकाळी तंबूत तलप आली. दुःखातच प्यावंसं वाटतं असं लोकांना वाटतं. आनंदानंतर ती किती जोरात येते, हे पिणाऱ्यालाच ठाऊक. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांना जपा, असं मीटिंगमध्ये सांगतात. त्यातली भूक आणि थकवा हजर होते, आणि फोन बंद पडल्यामुळे स्पॉन्सरशीही, म्हणजे ए.ए.तल्या माझ्या जुन्या-जाणत्या सोबत्याशीही बोलता येईना, म्हणजे एकटेपणाही आलाच. तोंडाला कोरड, तळहात ओले.

शेजारी खटावकडचे एक माळकरी बाबा आडवे झाले होते. "माऊली, पाय चेपता का जरा?" टाचांना खोल भेगा, भेगांत वाळलेला चिखल, पोटऱ्यांत गाठी. मी चेपत बसलो, ते डोळे मिटून हरिपाठ पुटपुटत होते. उजवा पाय झाला, डावा झाला. मग त्यांनी मला पंगतीला नेलं. भाकरी हातात आली तेव्हा लक्षात आलं, तलप ओसरलीय. बाबांना कळलं होतं का, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फलटणला विमानतळाच्या मैदानावर समाज आरतीला उभे होतो. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. हरवल्या-सापडल्याचं सांगतात. पण ज्या दिंडीची तक्रार असते, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. गप्प बसून सोसायचं नाही, वाजवत राहायचं. रात्री तंबूत मी माझं सगळं मोठ्याने सांगितलं. उपदेश कुणी केला नाही. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "माझा धाकटा पितो रं. त्याला कुठं न्यायचं, सांग."

सकाळी बरडकडे निघायच्या आधी त्यांच्या मुलाशी फोनवर बोललो. तो फार बोलला नाही, पण फोनही ठेवला नाही. वारीहून परतलो की आधी त्याला डॉक्टरांकडे नेणार आहे, आणि मग गुरुवारच्या मीटिंगला.