वाढतात, पण टिकत नाहीत

लग्नसराईत आमच्या राजारामपुरीतल्या पार्लरला बसायला जागा नसते. त्याच गर्दीत एक काकू लेकीला पुढं घालून आल्या. "ताई, हिच्या केसांची वाढच थांबलीय बघा. कांद्याचा रस झाला, माक्याचं तेल झालं. महिन्यावर साखरपुडा आलाय!"

केस खांद्याच्या जरा खाली, टोकं केरसुणीगत. विंचरताना निघालेले केस मी पांढऱ्या टॉवेलवर पसरले. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढुरका ठिपका असतो. इथं बहुतेक बोटाएवढे तुकडे, ठिपका कुठंच नाही. म्हणजे गळत नव्हते, तुटत होते.

मग भांगाकडं लक्ष गेलं. पोरीनं गणपतीत बरगंडी कलर केलेला आणि आता माघ चालू. मुळाशी काळा पट्टा आला होता. टेप लावली, साडेपाच सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेवढा वाढतच होता. टेप काकूंच्याच हातात दिली.

"मग जातात कुठं?"

लेकीला विचारलं, "स्ट्रेटनर रोज का गं?"

रोज. न्हाऊन लगेच कॉलेजची बस, म्हणून ओल्या केसांवरच.

"चर्र वाजतं?"

"वाजतं की. वाफ पण निघते." बया अगदी कौतुकानं सांगत होती.

मशीन २३० अंशांवर. एवढ्या तापात केसातलं पाणी आतल्या आत उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि तिथं केस पोकळ पडतो. कंगवा लागला की तुटला. वरची खवल्यांची सालही उचकटते, म्हणून हाताला खरखरीत लागतो. मुळाला यातलं काही कळतही नाही, ते टाळूच्या आत आपलं काम करत असतं. बाहेरचा केस मात्र मेलेला, तो भरून येत नाही. सिरमनं फाटलेली टोकं कायमची जुळतात म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. चिकटतात, पुढच्या न्हाण्यापर्यंत.

चार बोटं कापायची म्हटल्यावर काकू उखडल्या. "वाढवायला आणलं आणि तुम्ही कापताय होय!" पण टेप अजून त्यांच्याच हातात होती. कापू दिले.

"साखरपुड्याला तरी सरळ करू?" पोरगी हळूच म्हणाली.

"कर. पण पूर्ण वाळल्यावर, हीट प्रोटेक्टंट मारून, दीडशेच्या आसपास आणि एका बटेवरून एकदाच."

"आणि कांद्याचा रस?" काकूंचं आपलं तेच.

"काकू, कांदा मिसळीवर घाला."