मडगार्डवरचा जोड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेट्रोल पंपावर, लग्नात, गणपतीत कुणी ना कुणी माझ्या बुलेटच्या मागच्या मडगार्डवरून बोट फिरवतं आणि विचारतं, "एवढं कापलंस, मग परत कशाला जोडलंस? आणि जोडायचंच होतं तर नवीन का नाही टाकलंस?" आजवर "नाही जमलं" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं आहे. जमलं होतं.

गाडी अण्णांची, १९८९ची. ते गेल्यावर चार वर्षं पडवीत झाकून होती. 'बापाची गाडी कापायला हात कसा धजावला' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्या चार वर्षांत तिच्यावरची धूळ पुसली नव्हती. मी मास्किंग टेपने रेघ आखली, चार इंची ग्राइंडरने पत्रा कापला, कड कानशीने गोल केली. शॉकअप दीड इंच आखूड टाकले. गाडी मागून बसकी, भरीव दिसायला लागली. सुंदर दिसायची, हे आजही म्हणतो.

चुकलं कुठे तेही सांगतो, कारण घरी काम करणारे बरेच जण तिथेच चुकतात. टायर आणि मडगार्डमधलं अंतर मी गाडी मेन स्टँडवर असताना पाहिलं. चार बोटं सहज जात होती. पण मेन स्टँडवर चाक लोंबकळत असतं. खरं अंतर बघायचं तर शॉकअपची स्प्रिंग काढायची, नुसता शॉकअप लावायचा आणि चाक पार टेकेपर्यंत वर उचलायचं. माझे आखूड शॉकअप पूर्ण दबले की चाक पूर्वी कधी जात नव्हतं तितकं वर जात होतं. आठ दिवस एकट्याने चालवून पाहिली, काही घासलं नाही. शिवाय टेललाइटचे बोल्ट आतून अर्धा इंच बाहेर आलेले होते. 'कापायचे राहून गेले' असं लिहिणार होतो. राहून गेले नव्हते. दिसत होते, उद्या कापू म्हटलं.

जूनमधली संध्याकाळ. आईला दवाखान्यातून घरी आणत होतो. ती नेहमीसारखी एका बाजूला बसली. मागे धरायचा दांडा मडगार्डच्या पट्ट्यांबरोबर मीच काढला होता, साडीगार्डही. "धरू कशाला रे?" तिने विचारलं. "मला धर," म्हणालो. शाळेजवळच्या गतिरोधकावर वेग फार नव्हता, हे मी स्वतःला शेकडो वेळा सांगितलंय. पुढचं चाक उतरलं, मागचं आदळलं आणि खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. बोल्ट टायरमध्ये रुतले. चाक क्षणभर अडकलं, गाडीने हिसका दिला. मी पाय टेकून गाडी सावरली. आईला नाही सावरता आलं.

ती रस्त्यावर बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. म्हणाली, "पाटली काढ, हात सुजायच्या आत." मला निघेना. माझ्या बोटांना ग्रीस होतं, तरी निघेना. शेवटी दवाखान्यात कापावी लागली. सहा आठवडे प्लास्टर. आत्या आली, मामा आला, शेजारचे आले. आई प्रत्येकाला सांगायची, "न्हाणीत पाय घसरला." मी तिथेच असायचो. चहा आणून द्यायचो.

गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू नका म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल ऐकवणारेही भेटतात. मी दंडाला भिऊन जोडलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ तर नंतर वाचला: मागे बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून निदान निम्मं चाक झाकणारं आवरण. यातल्या दोन गोष्टी मी एका दुपारी पान्याने काढून ठेवल्या होत्या.

नवीन मडगार्ड मिळतं, फार महागही नाही. पण कापलेला तुकडा पडवीत होता, तोच वेल्ड करून घेतला. दांडा, साडीगार्ड, जुने शॉकअप, सगळं जागेवर बसवलं. रंगारी म्हणाला, लांबी (पुट्टी) भरून सफाई करतो, जोड दिसणार नाही. नको म्हणालो. का, ते तेव्हा मला पक्कं माहीत आहे असं वाटायचं. शिक्षा म्हणून, आठवण म्हणून. आता त्यातलं काहीच पटत नाही, तरी लांबी भरवत नाही. पाटलीही अजून कपाटात दोन तुकड्यांत आहे. आई ती सांधायला देत नाही आणि मी विचारत नाही.

'गाडी आपली, हात आपले' म्हणणारा तेव्हाचा मी सगळाच चुकीचा होता, हेही मला मान्य नाही. आजही गाडीचं काम घरीच करतो.

हे लिहू का, असं आईला विचारलं. "लिही. पण आत्याला वाईट वाटेल," म्हणाली.

गेल्या महिन्यात भाचा आखूड शॉकअपचा खोका घेऊन आला. त्याला स्प्रिंग काढून चाक वर उचलायला लावलं. चाक टेकलं तेव्हा मडगार्डखाली माझं एक बोटही जात नव्हतं. "मामा, थोडंसंच कापू या ना," तो म्हणाला. खोका अजून माझ्याकडेच आहे. मी त्याला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.