बसून मिटलं नसतं का?

"घरचाच माणूस, बसून मिटलं नसतं का? तहसीलीत जायची काय गरज होती?" हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारून झाला, दवाखान्याच्या बाकावर विचारून झाला, बचतगटाच्या मीटिंगीत तर कुणीतरी तो काढतंच. वावराची वाट चुलत सासऱ्यांनी अडवली आणि मी तहसीलदाराकडं अर्ज केला, त्यावरचा हा प्रश्न. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगते. विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या स्वतःच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे हद्दीवरच्या, वाटेत काटी पडलेली असते, हे मला आता तोंडावरून कळतं.

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, काळी जमीन, गावापासून पायी वीसेक मिनिटांवर. आजेसासऱ्यांच्या काळी पांदणीला, म्हणजे शिवारातल्या रस्त्याला, लागून एकच मोठं वावर होतं. वाटण्या झाल्या तेव्हा पांदणीकडचा तुकडा चुलत सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना गेला, आतला आम्हाला. वाटणीपत्रात चतुःसीमा लिहिल्या, विहिरीचा हिस्सा लिहिला, धुऱ्यावरच्या आंब्याचे आंबे कोणी कसे घ्यायचे तेही लिहिलं. आतल्या वावरात जायचं कुठून, ते मात्र कोणी लिहिलं नाही. नाल्याच्या कडेनं, मामाजींच्या धुऱ्यावरून बैलबंडी जातच होती, मग लिहायचं कशाला? मी पाहिलेल्या बहुतेक वाटेच्या भांडणांचं मूळ अशाच एखाद्या वाटणीपत्रात निघतं.

बंडीला पाच-सहा फूट पुरतात. बैल बरोबर चाकोरीत चालतात आणि वळणावर बंडी जागच्या जागी वळते. मग ट्रॅक्टर आले. भरलेली ट्रॉली वळवायला बंडीच्या दुप्पट जागा लागते. त्यामागून सोयाबीनला हार्वेस्टर आलं, त्याचा पुढचा कटरच बारा-चौदा फुटांचा. बैलजोडी आम्ही विकली, मामाजींनीही विकली. ज्या बंडीसाठी वाट सोडली होती ती बंडीच दोन्ही घरांत राहिली नाही.

मामाजींचं म्हणणं एकच होतं. "वाट होती, मी नाई कुठं म्हणतो? पण बंडीची होती. हे धूड माह्या पिकाच्या तासातून जाते." आणि ते खोटं नव्हतं. ओल्या काळ्या मातीवरून भरलेली ट्रॉली गेली की चाकाखालची जमीन अशी दबते की पुढच्या उन्हाळ्यात तिथं वखर शिरत नाही. आम्ही म्हणत होतो, आमची वहिवाट आहे. तेही खोटं नव्हतं. दोन्हीकडून खरं बोललं जात असेल तर पारावरची पंचमंडळी निकाल कोणाच्या बाजूनं देणार?

एका ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून ठेवलेलं होतं, गंजी लावायची बाकी. सकाळी गेले तर वाटेवर आडवी तार. रानडुकरांसाठी लावतात त्या झटका मशीनची. डबा नवाकोरा, सोलरची पाटी पांदणीकडं तोंड करून, आणि तारेवर नायलॉनच्या साडीची एक लाल चिंधी बांधलेली, दिसावी म्हणून. मामाजी बांधावर बसले होते.

"मामाजी, हे काय लावलं तुमी?"

"डुकरं येतात, सूनबाई."

"दिवसा?"

"डुकरायले काय घड्याळ समजते?"

यावर मी काय बोलणार होते? पदर सावरला आणि परत फिरले. त्या वर्षी सोयाबीन मजुरांच्या डोक्यावरून नाल्यातून पांदणीपर्यंत आणलं. पुढं सितादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून कापसाची वेचणी सुरू केली, तेव्हा वेचणीचा दर किलोला दहा रुपयांच्या घरात होता, आणि गाठोडी बाहेर काढायची मजुरी त्यावर वेगळी. उलंगवाडीपर्यंत, म्हणजे वेचणी संपेपर्यंत, हे चाललं असतं तर कापसात काहीच उरलं नसतं.

आता तुमच्या 'बसून'कडं येते. बसायचं कुठं? मारुतीच्या पारावर. तिथं मी बसत नाही. चुलत सासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं आणि तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी बोलायचं, अशी आमच्याकडची रीत. घरधनी नागपूरला नोकरीला. ते सुट्टीत येणार, काकाच्या पाया पडणार, चहा पिणार आणि "पाहू न काका, होते काहीतरी" म्हणून पुन्हा गाडीत बसणार. गावात तंटामुक्ती समिती आहे, 2007 साली ती मोहीम सुरू झाली तेव्हाचा फलक अजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे. समितीनं मामाजींना बोलावलं. मामाजी म्हणाले, विचार करतो. समितीनं ते रजिस्टरात लिहून घेतलं. समितीत बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतः पांदणीकडच्या वावराचे मालक होते, हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पाहिलं.

पोलीस ठाण्यात जा, असंही सांगणारे भेटले. तिथं अदखलपात्र तक्रार लिहून घेतात आणि दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतात. वाट तिथंच राहते आणि दोन घरांत कायमचं वैर सुरू होतं. मारामारी झाली असेल तर गोष्ट वेगळी.

सातबाऱ्यावर माझं नाव लक्ष्मीमुक्तीत, म्हणजे नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायच्या योजनेत, लागलेलं होतं, ते इथं कामी आलं. तहसीलदाराकडं अर्जदार मीच झाले. सुनावणीला पुकारा झाला की दोन्हीकडच्यांनी टेबलासमोर सारखंच उभं राहायचं असतं आणि विचारलं की ज्याचं त्यानं उत्तर द्यायचं. मधे कोणी बोलणारा न ठेवता मामाजींच्या समोर बोलायची माझी ती पहिलीच वेळ. म्हणून मी म्हणते, मी बसायला नाही म्हटलं नव्हतं. मला बसायला जागा तिथंच मिळाली.

माझ्याकडं कागद घेऊन येणाऱ्यांची गफलत मात्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. तहसीलदाराकडं जायला दारं दोन आहेत आणि लोक दोन्हीत एकदम शिरतात. वाट आधीपासून होती आणि कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पडला पाहिजे, नाहीतर गेलं. वाट नव्हतीच, नव्यानं हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 143. त्यात रस्ता हद्दीवरून म्हणजे धुऱ्यावरून मिळतो, कोणाच्या वावराच्या मधोमध नाही, आणि दुसरी वाट असेल तर 'इकडून जवळ पडते' एवढं कारण पुरत नाही. एकाच अर्जात "पूर्वापार रस्ता आहे" आणि "नवीन रस्ता द्यावा" असं दोन्ही लिहिलं की समोरच्याचा वकील पहिल्याच तारखेला हसतो. निकालानंतरची वाटही वेगवेगळी. 143 च्या निकालाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. कलम 5 मधे अपील नाही, वर पुनरीक्षणात जावं लागतं. आमची वाट जुनी, म्हणून आम्ही कलम 5 धरलं.

पुरावा म्हणून लोक सातबारा घेऊन जातात. सातबाऱ्यावर सहसा वाट नसतेच. आधी गावनकाशा काढा. त्यात दुहेरी तुटक रेघ असेल तर तो गाडीरस्ता, एकेरी असेल तर पायवाट. आपल्या विदर्भात आणखी दोन जुने कागद असतात, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरकारी पडीक जमिनीवर गावाचा वापर काय, हे निस्तारपत्रकात पाहायचं. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवरून जायची, पाणी न्यायची, मासे धरायची गावाची रूढी काय, ती वाजिब-उल-अर्जमधे लिहिलेली असते. नकला मिळवताना हेलपाटे पडतात. बाबू आधी "असा कागदच नसतो" म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जमधे आमची वाट नव्हती, पण शेजारच्या गावातल्या एका बाईची तिथंच निघाली.

आमचं काम बाभळीनं केलं. मंडळ अधिकारी स्थळपाहणीला आले तेव्हा चैत्र होता, वावरं रिकामी, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे. पेरणीनंतर पाहणी झाली तर वाटेवर पीक उभं असतं आणि पंचनाम्यात तेच येतं. उन्हाळ्यात चाकोरी दिसते. धुरा वळतो तिथं एक जुनी बाभूळ आहे. तिच्या बुंध्याला गुडघ्याच्या थोडं वर, एकाच बाजूनं, हातभर लांब खाच. साल परत धरलेली, कडा गोल झालेल्या, आणि आत वंगणानं काळं पडलेलं लाकूड. मंडळ अधिकाऱ्यांनी तिथं बोट फिरवलं, मग वाकून बोटाचा वास घेतला. म्हणाले, "आख घासलाय इथं, किती वर्षं घासला देव जाणे." मामाजींना त्यांनी विचारलं, ही तुमच्या बंडीची की यांच्या? मामाजी म्हणाले, "दोघायची." ते पंचनाम्यात लिहिलं गेलं, आणि मामाजींनी त्याखाली सही केली. खोटं बोलायचं असतं तर त्यांना तेव्हा सोपं होतं.

मग अडवलं कशाला, असं तुम्ही म्हणाल. गावात जी गोष्ट कोणी मोठ्यानं बोलत नाही ती ही, की वाट नसलेलं वावर स्वस्तात जातं, आणि ते घ्यायला गिऱ्हाईक बहुतेक एकच असतं, पुढच्या वावराचा मालक. मामाजींच्या मनात ते होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पोरांच्या मनात असावं. मामाजींच्या घरच्या काकूंनीच एकदा हळदीकुंकवाला हळूच सांगितलं की घरात वाटणीची बोलणी चालली आहेत, आणि म्हाताऱ्यानं आपणहून वाट दिली तर "बापानं चुलतसुनेले जमीन देऊन टाकली" हे त्यांना मरेपर्यंत ऐकावं लागेल. तेव्हा मला उमगलं की मामाजींना 'हो' म्हणायचं होतं, पण स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. आदेशाचा उपयोग जेवढा मला, तेवढाच त्यांना. "साहेबानं लावलं, मी काय करू?" असं आता ते पोरांना सांगू शकतात, आणि सांगतात.

म्हणून शेवटच्या तारखेला आम्ही रुंदीवर तडजोड लिहून दिली. बंडीची साडेपाच फुटांची वाट होतीच, ती दहा फूट करायची. लांबी सहाशे फूट, म्हणजे वाढीव जागा 2,700 चौरस फूट, अडीच गुंठे. एकरी सात क्विंटल सोयाबीन धरलं तर अडीच गुंठ्यांत पंचेचाळीस किलोही होत नाही. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. हिशोब केला तर वर्षाला तेवीसशे-चोवीसशे रुपयांचा माल, तोही हमीभाव मिळाला तर! एवढ्यासाठी दोन घरांनी त्याच्या कितीतरी पट वकिलावर घातले. पैसे देऊ केले तर मामाजींना ते लागलं असतं. मी त्याऐवजी आमच्या सामाईक धुऱ्याकडची तेवढीच पट्टी त्यांना वाहायला दिली. मालकी जिथल्या तिथं आहे.

अटी त्यांनी घातल्या आणि त्या योग्य होत्या. पाऊस पडून जमीन ओली असेल तर भरलेली ट्रॉली न्यायची नाही. त्यांचं सोयाबीन उभं असेतोवर आमचं हार्वेस्टर थांबेल. झटका मशीनची तार रात्री लागेल, सकाळी ते किंवा आम्ही काढू. यातली पहिली अट आम्हाला जड जाते, कारण बाजाराच्या दिवशी भाव बरा असतो आणि नेमका आदल्या रात्री पाऊस येतो. तरी पाळतो.

पुढं मे 2025 मधे शासन निर्णय आला. शेतरस्त्याची रुंदी किमान तीन ते चार मीटर धरावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घ्यावी असं त्यात आहे. आमचा आदेश आधीचा होता, पण नोंदीसाठी मी पुन्हा अर्ज केला आणि ती करून घेतली. दहा फूट म्हणजे तीन मीटरला जेमतेम, तेवढ्यावर आम्ही दोघंही खूश आहोत. तुमच्याकडं आदेश असेल आणि नोंद नसेल तर आजच मागे लागा. मामाजी आहेत तोवर ठीक, उद्या त्यांच्या पोरांनी वावर विकलं तर घेणाऱ्याला बाभूळ कोण दाखवणार?

बोलणं आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आहे. मागच्या दिवाळीनंतर मामाजी स्वतः आमच्या ओसरीवर आले. त्यांचं नाल्यापलीकडं आणखी एक वावर आहे, आणि तिथल्या माणसानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटेत नांगर घातला होता. खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला आणि म्हणाले, "सूनबाई, तू लिवला होता तसाच अर्ज लिवून दे."

मी विचारलं, वाट जुनी की नवी मागायची? जुनी, म्हणाले. मग पंचांग काढून मोजलं आणि त्यांना सांगितलं, माघी अमावास्येच्या आत टाका, आणि येताना गावनकाशाची नक्कल घेऊन या.