पूर्व भागातून ड्रेसडेनला

स्मरणिका समितीचा निरोप होता की परदेशातल्या शिक्षणाबद्दल लिहा, पण शाळेशी जोडून लिहा. जोडायला फारशी खटपट करावी लागली नाही. जर्मनीत मला सगळ्यांत जास्त कामाला आलं ते आपल्या शाळेच्या तिसरीच्या वर्गातलं मराठी व्याकरण.

आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, त्यामुळे आमच्या वर्गात बरीच मुलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरांतली. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू-कन्नड-उर्दूची मिसळ, आणि मराठी शाळेत आल्यावर. तेलुगूत खुर्ची असो, टेबल असो की झाड, सगळ्यांना एकच ‘अदि’. त्यामुळे ‘माझा वही’, ‘ते खिडकी’ असं आम्ही बिनदिक्कत बोलायचो. बाई चिडायच्या नाहीत. वर्गातल्या एकेका वस्तूवर पट्टी टेकवायच्या आणि आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो: तो फळा, ती खिडकी, ते दप्तर. फळा ‘तो’ का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

ड्रेसडेनच्या तांत्रिक विद्यापीठात वस्त्रतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलो तेव्हा पुण्यातून थोडं जर्मन शिकून गेलो होतो. ते तिथे पुरेना, म्हणून संध्याकाळचा भाषावर्ग लावला. युक्रेन, सीरिया, व्हिएतनाम, कोलंबिया अशी सगळी पंगत. जर्मनलाही तीनच लिंगं, आणि तिथेही टेबल पुल्लिंगी का याला उत्तर नाही. कोलंबियाचा मित्र रोज कारण शोधायचा आणि रोज वैतागायचा. मी खोलीवर येऊन बाईंची पट्टी सुरू केली: दार, दिवा, चमचा, एकेकाला हात लावत मोठ्यानं म्हणायचं. आकड्यांचंही तसंच. एकवीस-बावीससारखं जर्मन माणूसही आधी एकक आणि मग दशक म्हणतो. बाकीच्यांचे फोन नंबर उलटेसुलटे लिहिले जायचे. मी पाढे घोकलेला, मला त्यात नवल वाटलं नाही. अवघड गेलं ते वेगळंच. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ अस्सल सॅक्सन, म्हणजे तिथली बोली, बोलायचे, आणि वर्गात शिकलेलं जर्मन त्यांच्यापुढे निम्मं गळून जायचं. परीक्षा पास होणं आणि मशीनशेजारी उभं राहून ‘ताण कमी कर’ हे एका हाकेत समजणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. (भाषावर्गाच्या अर्जात ‘मातृभाषा’ असा एकच रकाना होता. सोलापूरच्या पूर्व भागाला तो अपुराच पडायचा.)

आता संशोधनाबद्दल. माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, आई घरी विड्या वळायची. कापडाचं शिकायला जर्मनीला कशाला, असं नातेवाईक विचारायचे, आणि तसं बरोबरच होतं. पण मी शिकायला गेलो ते कापड अंगावर घालायचं नव्हे, भिंतीत घालायचं. काँक्रीटमध्ये लोखंडी सळईऐवजी कार्बनच्या धाग्यांची जाळी टाकतात. लोखंड गंजतं, म्हणून त्याच्यावर काही सेंटिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवावंच लागतं. कार्बन गंजत नाही, त्यामुळे आवरण पातळ चालतं आणि सिमेंट, वाळू, वजन सगळंच वाचतं. ड्रेसडेनमध्ये यावर अनेक वर्षं काम चाललं आहे. त्यासाठी तिथल्या तीन प्राध्यापकांना २०१६ चा जर्मन राष्ट्राध्यक्षांचा ‘भविष्य पुरस्कार’ मिळाला. २०२२ मध्ये विद्यापीठाच्या आवारालगत याच कार्बन-काँक्रीटची ‘क्यूब’ नावाची इमारत उभी राहिली. तिचं छप्परच वळत खाली उतरतं आणि भिंत होतं.

ही जाळी विणलेली नसते, याचा मला पहिल्यांदा धक्का बसला. विणीत उभा धागा आडव्याच्या खालून-वरून जातो, म्हणजे प्रत्येक ठिकाणी वाकतो. वाकलेला धागा ओढला की आधी सरळ होतो आणि मग भार घेतो. तेवढ्यात काँक्रीटला तडा गेलेला असतो. म्हणून कार्बनचे उभे-आडवे धागे एकमेकांवर नुसते सरळ ठेवतात आणि बारीक दोऱ्यानं टाचतात. एका जाड कार्बन धाग्यात पन्नास हजारांच्या आसपास तंतू असतात, एकेक सात मायक्रॉनच्या घरातला, केसाहून कितीतरी बारीक. माझं काम त्या धाग्याच्या खळीवर होतं. हो, खळच म्हणतो मी. आपल्याकडे ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ देतात (सायझिंग) तसंच, फक्त इथे स्टार्चऐवजी पॉलिमर. तो गाभ्यापर्यंत मुरला नाही तर बाहेरचे तंतू काँक्रीटला धरून बसतात आणि आतले सुळकन सरकतात. जाळीचा तुकडा काँक्रीटच्या पट्टीत बसवायचा, अठ्ठावीस दिवस मुरू द्यायचा, मग यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायचा. ऐकायला एवढंच. पण धाग्यावर मशीनमध्ये ताण किंचित कमी-जास्त झाला की सगळे आकडे फिरतात. वडील फोनवर दुसरं काही विचारायचेच नाहीत: “धागा तुटतो का रे? बीम सारखा भरलाय का बघ आधी.” (बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला मागाचा रूळ, तो सगळीकडे एकसारखा भरलेला लागतो.) माझ्या मार्गदर्शकांचे पहिले दोन प्रश्नही हेच असायचे, फक्त त्यांच्याकडे मोजायला उपकरण होतं.

११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास ड्रेसडेनमधल्या कॅरोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा भाग एल्ब नदीत कोसळला. १९७१ साली पूर्ण झालेला पूल. काही मिनिटं आधीच त्यावरून ट्राम गेली होती, सुदैवानं कुणी जखमी झालं नाही. काँक्रीटच्या आत ताणून ठेवलेल्या पोलादी तारांना वर्षानुवर्षं गुपचूप तडे जात होते, असं तपासात निघालं. त्या सकाळी विभागात व्याख्यान झालं नाही. सगळे नदीकाठी. तोवर ‘पोलादाची झीज’ हा माझ्यासाठी प्रबंधाच्या प्रस्तावनेतला परिच्छेद होता.

भटकंतीही केली. मे २०२३ मध्ये तिकडे ४९ युरोंचं मासिक तिकीट सुरू झालं होतं. त्यावर देशभर जलद गाड्या सोडून कुठल्याही लोकलनं फिरा. बर्लिन, प्राग सगळेच करतात, ते सोडतो. झिटाऊ या गावात १४७२ सालचं एक लिननचं प्रचंड कापड आहे, ८.२ मीटर बाय ६.८ मीटर, त्यावर बायबलमधली नव्वद चित्रं. १९४५ मध्ये सोव्हिएत सैनिकांनी त्याचे तुकडे करून न्हाणीघराला आडोसा केला होता. पुढे ते जोडून, दुरुस्त करून काचेमागे लावलं.

तिथून जवळच, चेक सीमेला लागून, ग्रॉसश्योनाऊ. जर्मनीत टर्किश टॉवेल यंत्रावर पहिल्यांदा निघाला तो या गावात, १८५६ साली. सोलापूरच्या माणसानं हे गाव चुकवायचं नाही. तिथल्या संग्रहालयात चालू माग आहेत. एकाच मागावर दोन बीम, एकाचा ताणा ताठ, दुसऱ्याचा सैल. तीन आडवे धागे गेले की फणी तिन्ही एकदम ठोकते आणि सैल ताण्याचे फुगे उभे राहतात, तीच टॉवेलची लव. मी वडिलांना व्हिडिओ कॉल लावून माग दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “फणी आपल्यापेक्षा हळू मारतीय. ह्यांना पीसरेट नसणार.” पीसरेट म्हणजे नगावर मजुरी.

त्या भागातली जुनी विणकरांची घरं मात्र मी फोटोशिवाय सांगू शकणार नाही. तळमजल्याची खोली ओंडक्यांची आणि वरचा मजला त्या खोलीवर न टेकता बाहेरच्या स्वतंत्र लाकडी खांबांवर. मागाच्या धक्क्यानं सगळं घर हादरू नये म्हणून असं बांधलं, अशी तिथे समजूत आहे. इतिहासकारांचं काहीही मत असो, मला ती पटली. आमच्या शेजारी यंत्रमाग होता. तो सुरू झाला की आमच्या फळीवरची स्टीलची ताटं आपोआप पुढे सरकत यायची आणि आई दर पाळीला ती मागे ढकलायची.

शाळेतल्या मुलांच्या पालकांकडून एकच प्रश्न येतो, खर्चाचा. ड्रेसडेनला मला शिकवणी फी नव्हती, फक्त दर सत्राचं अंशदान होतं. खरा भार बंद खात्याचा, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच जर्मन खात्यात भरून ठेवायचा. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. ती बुडत नाही, दरमहा ९९२ युरो अशी आपल्यालाच परत मिळते. पण सुरुवातीला उभी करावी लागते, आणि आमच्या घरी त्यासाठी कर्ज काढलं. एजंट लोक या खात्यालाच ‘फी’ म्हणून सांगतात आणि वर स्वतःचे वेगळे घेतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्ज स्वतः भरता येतो, दहावीतलं इंग्रजी त्याला पुरतं. जर्मन मात्र अकरावीपासूनच सुरू करा. अर्ज भरताना कुणाला अडलं तर माझा नंबर शाळेच्या कार्यालयात दिला आहे. जर्मनीत आणि इथे साडेतीन-साडेचार तासांचा फरक पडतो, तेवढा बघून फोन करा.